डोक्यावरचे छप्पर : कौले की शिंगल्स?

घर बांधताना फरशीचा रंग, ओट्याचा दगड, खिडक्यांचे पडदे यांवर घरात महिनोन्‌महिने चर्चा रंगते. छपराचा विषय मात्र 'ते काँट्रॅक्टर बघेल' एवढ्या एका वाक्यात संपतो. खरे तर ऊन, पाऊस आणि वारा यांचा पहिला मारा छपरावरच बसतो. ते गळू लागले की भिंतीचा रंग, कपाटातले कपडे, विजेचे वायरिंग अशा एकेका गोष्टीची वाट लागत जाते आणि फरशीवर केलेला खर्च कुणाला आठवतही नाही.

नोकरी-व्यवसायानिमित्त चेन्नईत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांपुढे आज हा प्रश्न आहे. कुणी शहराच्या दक्षिणेला समुद्राकाठच्या रस्त्यावर छोटा बंगला बांधतो, कुणी जुन्या घराच्या गच्चीवर खोली काढून वर उतरते छप्पर घालतो. मनात कोकणातले कौलारू घर असते आणि दुकानदार पुढ्यात ठेवतो रंगीबेरंगी शिंगल्स. दिसायला सुबक, वजनाला हलक्या आणि बसवायला झटपट. पण महाराष्ट्रातला अनुभव चेन्नईत जसाच्या तसा लागू पडत नाही. इथला पाऊस वेगळा, वारा वेगळा आणि ऊन तर फारच वेगळे.

आधी हवामान समजून घ्या

महाराष्ट्रात शाकारणी वैशाख-ज्येष्ठात, मृगाच्या आधी उरकायची असते. चेन्नईत जून ते सप्टेंबर अधूनमधून संध्याकाळच्या सरी येतात, पण खरा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबरचा. तमिळ पंचांगातले ऐप्पसी आणि कार्तिगै हे मुसळधार पावसाचे महिने. वर्षभरात पडणाऱ्या सुमारे १४०० मिलिमीटर पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस या तीन महिन्यांत पडतो, तोही कधी कधी एकाच दिवसात कोसळतो. डिसेंबर २०१५ च्या महापुराच्या वेळी तांबरम येथे २४ तासांत सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस झाला होता.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. १२ डिसेंबर २०१६ रोजी 'वरदा' चक्रीवादळ चेन्नईवर आदळले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे गेला होता आणि शहरातली हजारो झाडे उन्मळून पडली. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराचे जे भारतीय मानक आहे (आयएस ८७५, भाग ३), त्यात चेन्नईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर धरला आहे. पुण्यासाठी हाच आकडा सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ मीटर आहे. म्हणजे पुण्यात टिकलेले छप्पर चेन्नईत टिकेलच असे नाही.

तिसरे ऊन. मे २००३ मध्ये चेन्नईचा पारा ४५ अंशांवर गेला होता. अशा उन्हात गडद रंगाचे छप्पर ६० अंशांच्याही वर तापते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत साधा खिळा काही वर्षांतच गंजून जातो. शिंगल्स निवडताना या सगळ्या गोष्टी डोळ्यांपुढे हव्यात.

शिंगल म्हणजे नेमके काय?

पूर्वी लाकडाच्या पातळ फळ्या माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसवून छप्पर करीत. हिमाचलसारख्या डोंगराळ भागात अशी जुनी छपरे आजही दिसतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डांबर लावलेल्या शिंगल्स निघाल्या. आज बाजारात मिळते ती बहुधा याच जातीची. आत काचतंतूंची जाळी, तिच्यावर दोन्ही बाजूंनी डांबराचा थर आणि वर रंगीत खनिजाची बारीक खडी. ही खडी केवळ शोभेची नसते. उन्हापासून डांबराचे रक्षण तीच करते. खडी झडली की शिंगल कडक होऊन तडकू लागते.

शिंगल्सचे मुख्य प्रकार दोन. एक साधी, एकेरी थराची. दुसरी दुहेरी थराची, थोडी जाड आणि जड. चेन्नईसारख्या वादळी किनाऱ्यावर दुसरी घेणे केव्हाही चांगले.

कौलांशी तुलना

मंगलोरी कौलांचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. बासल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरच्या जेप्पू भागात कौलांचा कारखाना काढला आणि ही कौले पश्चिम किनाऱ्यावर व दक्षिणेत सर्वदूर पोहोचली. चेन्नईजवळ मुट्टुकाडू येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'दक्षिणचित्र' या संग्रहालयात दक्षिणेकडील जुनी घरे उभी केलेली आहेत. छप्पर ठरवण्याआधी एक रविवार मुलाबाळांसह तिथे घालवावा. कौलाचा उतार किती, वळचण किती पुढे काढलेली, वासे किती अंतरावर, हे सगळे तिथे प्रत्यक्ष पाहता येते.

कौलांचे गुण मोठे आहेत. त्यांच्या फटींतून हवा खेळते, एक फुटले तर तेवढेच बदलता येते आणि मातीचे असल्याने ती उन्हाने खराब होत नाहीत. पण वजन फार. एका चौरस मीटरला साधारण १५ कौले लागतात आणि त्यांचे वजन सुमारे ४० किलो भरते. तेवढ्याच जागेतल्या शिंगल्सचे वजन १० ते १५ किलो. जुन्या भिंतींवर किंवा गच्चीवर छप्पर घालायचे असेल तर हा फरक महत्त्वाचा ठरतो. शिवाय न बांधलेली कौले वादळात उडतात, नारळ पडला की फुटतात. शिंगल फुटत नाही, पण तिचा सारा भरवसा खिळ्यांवर आणि खालच्या फळीवर असतो. ती फळी कुजली तर वरची उत्तम शिंगलही निरुपयोगी.

थोडक्यात, नवे घर, भक्कम भिंती आणि पुरेसा उतार असेल तर कौलांचा विचार जरूर करावा. वजन कमी हवे असेल, छपराचा आकार कोनाकोपऱ्यांचा असेल किंवा उतार कमी असेल तर शिंगल सोयीची.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा. गच्चीवर उतरते छप्पर खरोखर हवे आहे का? चेन्नईतील जुन्या घरांच्या सपाट गच्च्या उगीच नव्हत्या. सागवानी तुळयांवर उभ्या विटा, वर चुन्याचा कोबा आणि चपट्या फरश्या अशी ती 'मद्रास टेरेस' पद्धत. त्या गच्चीवर उन्हाळ्यात लोक झोपत आणि आपल्याकडे पापड-कुरडया वाळवतात तसे 'वडाम' वाळत. छप्पर घातले की वाळवणाची जागा गेली आणि सौरपट्ट्यांची जागाही विचार करून ठरवावी लागते. गच्चीवर छप्पर घालायला महापालिका किंवा चेन्नई महानगर विकास प्राधिकरणाची परवानगी लागेल का, याचीही आधीच चौकशी करावी.

खरेदी करताना

पहिला प्रश्न उताराचा. १२ इंच आडव्या अंतराला ४ इंच चढ, म्हणजे सुमारे १८ अंशांचा उतार शिंगलला चांगला. चढ २ ते ४ इंचांच्या दरम्यान असेल तर खाली जलरोधक कागदाचा दुहेरी थर हवाच. त्याहून कमी उतारावर शिंगल बसवू नये. 'चालतं हो' असे कुणी म्हणाले तरी ऐकू नये, कारण पाणी मागे सरकून जोडांत शिरते. कौलांना यापेक्षा बराच अधिक, साधारण २५ ते ३० अंशांचा उतार लागतो.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. शिंगल वाऱ्याच्या कोणत्या चाचणीत उतरली आहे, हे वेष्टनावर पाहावे किंवा लेखी मागावे. 'एएसटीएम डी ३१६१' या चाचणीतील 'एफ' वर्ग ताशी सुमारे १७७ किलोमीटर वाऱ्याचा असतो, तर 'ए' वर्ग ताशी सुमारे ९७ किलोमीटरचाच. चेन्नईसाठी 'ए' वर्गावर समाधान मानू नये.

तिसरा प्रश्न रंगाचा. गडद तपकिरी किंवा काळा रंग चित्रात छान दिसतो, पण चेन्नईच्या उन्हात फिका करडा किंवा वाळूचा रंग बरा. दमट हवेत शेवाळाचे काळे ओघळ येतात, म्हणून तांब्याचा अंश असलेली खडी लावलेली शिंगल मिळाली तर ती पसंत करावी.

चौथा प्रश्न हमीचा. 'तीस वर्षांची गॅरंटी' हे शब्द ऐकून हुरळून जाऊ नये. बहुतेक हमीपत्रांत फक्त मालाची हमी असते, मजुरीची नसते. जसजशी वर्षे सरतात तसतशी भरपाईची रक्कम घटत जाते. माल कंपनीने सांगितल्याप्रमाणे बसवला नसेल तर हमी रद्दही होते. तेव्हा ती बारीक अक्षरे पैसे देण्याआधीच वाचून काढावीत.

हिशेब असा मांडा

समजा, ३० फूट लांब आणि २० फूट रुंद जागेवर छप्पर घालायचे आहे. जमिनीवरचे माप ६०० चौरस फूट. पण छप्पर उतरते असल्याने त्याचे खरे क्षेत्र जास्त भरते. १२ इंचांना ६ इंच चढ असेल तर ६०० ला १.१२ ने गुणावे, म्हणजे सुमारे ६७० चौरस फूट. कापाकापीत वाया जाणारा माल म्हणून १० टक्के वाढवले की सुमारे ७४० चौरस फूट होते. साधारणपणे तीन गठ्ठ्यांत १०० चौरस फूट भागते, म्हणून २३ गठ्ठे लागतील. वळचण भिंतीबाहेर काढणार असाल तर ते माप सुरुवातीलाच धरावे. आढ्यावरच्या आणि वळचणीच्या पट्ट्यांचा माल वेगळा मोजावा. कंपनीनुसार गठ्ठ्याचे माप बदलते, ते वेष्टनावर पाहून घ्यावे.

दर विचारताना नुसत्या शिंगलचा भाव विचारू नये. लोखंडी सांगाडा, प्लायवूड, जलरोधक थर, पत्र्याच्या पट्ट्या, पन्हळी, खिळे आणि मजुरी धरून चौरस फुटाला एकूण किती, हे लेखी घ्यावे. दोन मेस्त्रींच्या दरांत मोठा फरक दिसला तर यातले काय वगळले आहे ते शोधावे. (तमिळमध्येही मेस्त्रीला 'मेस्त्री'च म्हणतात, त्यामुळे निदान तिथे तरी भाषेची अडचण नाही!)

बसवण्याची पद्धत

कामाला योग्य काळ जानेवारीअखेर ते एप्रिल. शिंगलच्या पोटाशी चिकट डांबराची पट्टी असते. उन्हाने ती तापून खालच्या शिंगलला घट्ट चिकटते आणि वाऱ्याला दाद देत नाही. ऑक्टोबरात घाईघाईने बसवलेल्या शिंगलला हे चिकटणे साधत नाही आणि नेमके तेव्हाच वादळ येते. मे महिन्यातल्या भर दुपारी मात्र छपरावर चालू देऊ नये. तापलेल्या डांबरावर पायाने खडी निघते. सकाळचे काम उत्तम.

बहुतेक घरांत कामावर लक्ष ठेवायची जबाबदारी शेवटी गृहिणीवरच येते. छपरावर न चढताही तिला पुढील गोष्टी पाहता येतील.

१. सांगाड्याच्या लोखंडाला गंजरोधक रंग सर्व बाजूंनी, विशेषतः वेल्डिंगच्या जागी, लागला आहे ना? सांगाडा भिंतीला किंवा स्लॅबला बोल्टने पक्का जखडला आहे ना? वारा छपरावरून जाताना ते वर उचलतो, खाली दाबत नाही. म्हणून नुसत्या वजनावर विसंबून चालत नाही.

२. फळी म्हणून पाण्यात टिकणारे, आयएस ७१० चा शिक्का असलेले प्लायवूडच वापरले आहे ना? दोन फळ्यांमध्ये अगदी बारीक फट ठेवावी, म्हणजे दमट हवेत फुगून ती वर येत नाहीत.

३. फळीवर जलरोधक थर वळचणीपासून वर आढ्याकडे, वरचा पट्टा खालच्यावर चढवत अंथरला आहे ना? कौले शाकारताना जो नियम, तोच इथे. पाण्याला जोडाचे तोंड दिसता कामा नये.

४. वळचणीला सुरुवातीची पट्टी लावूनच पहिली ओळ बसवावी. पुष्कळ कारागीर ही पट्टी वाचवतात आणि वादळात छप्पर उचकटायला तिथूनच सुरुवात होते.

५. प्रत्येक शिंगलला साधारणपणे चार खिळे मारतात. चेन्नईसारख्या वादळी ठिकाणी सहा मारावेत, तेही कंपनीने आखून दिलेल्या रेषेवर. खिळे जस्ताचा जाड मुलामा दिलेले आणि समुद्राच्या अगदी जवळ राहत असाल तर स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. खिळ्याचे डोके शिंगलला समतल टेकावे. ते आत घुसले तर शिंगल फाटते, वर राहिले तर वरची शिंगल नीट बसत नाही.

६. वरच्या ओळीचा जोड खालच्या ओळीच्या जोडावर येऊ देऊ नये. विटांच्या भिंतीत सांधा मोडतात तसाच इथेही मोडावा.

७. छप्पर भिंतीला मिळते तिथे आणि दोन पाखी आत वळून मिळतात त्या घळीत पत्र्याची पट्टी हवी. कारागीर तिला फ्लॅशिंग म्हणतात. नुसते सिमेंट किंवा सिलिकॉन फासून भागवू देऊ नये. गळती बहुतेक वेळा याच जागांतून होते.

शिंगलच्या मागे एक पारदर्शक प्लास्टिकची पट्टी असते. ती काढायला विसरले म्हणून काळजी करू नये. गठ्ठ्यात शिंगल्स एकमेकींना चिकटू नयेत एवढ्यासाठीच ती असते आणि तशीच ठेवली तरी चालते.

काही बंगल्यांत उतरता काँक्रीटचा स्लॅब असतो. त्यावर थेट शिंगल लावायची तर आधी तडे भरून, पृष्ठभाग सपाट व कोरडा करून जलरोधक थर द्यावा लागतो. खर्च परवडत असेल तर स्लॅबवर पट्ट्या ठोकून, त्यावर प्लायवूड व मग शिंगल लावावी. मधल्या पोकळीमुळे खोली पुष्कळ थंड राहते.

वारा खेळू द्या

शिंगलच्या छपराला कौलांसारख्या फटी नसतात. आतली गरम हवा कोंडली तर खालची खोली भट्टीसारखी तापते आणि शिंगलचे आयुष्यही घटते. म्हणून वळचणीखाली हवा आत येण्याची आणि आढ्यापाशी बाहेर जाण्याची वाट ठेवावी. ढोबळ नियम असा : पोटमाळ्याच्या क्षेत्राच्या दीडशेवा भाग झरोक्यांसाठी. ६०० चौरस फुटांना ४ चौरस फूट. या झरोक्यांना बारीक जाळी लावायला विसरू नये, नाहीतर चेन्नईचे डास पोटमाळ्यात संसार थाटतील. फळीखाली उष्णतारोधक थर दिला तर पंख्याची आणि एसीची वीजही वाचते.

जिवाची काळजी

छपराचे काम दुरून सोपे दिसते, पण त्यात माणसाचा जीव पणाला लागलेला असतो. कारागिराने कमरपट्टा बांधून, तो भक्कम जागी अडकवूनच काम करावे, अशी अट करारातच घालावी. 'आम्हाला सवय आहे' हे उत्तर मान्य करू नये. वारा सुटला किंवा पावसाची सर आली की काम थांबवावे. जवळून विजेच्या तारा जात असतील तर वीज मंडळाला आधी कळवावे.

जुने सिमेंटचे पत्रे काढायचे असतील तर अधिक सावध राहावे. त्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असते. पत्रा तुटला, कापला किंवा फोडला की त्याचे तंतू हवेत पसरतात आणि श्वासाबरोबर फुफ्फुसांत जातात. त्यांमुळे होणारे फुफ्फुसाचे विकार आणि कर्करोग कित्येक वर्षांनी डोके वर काढतात. असे पत्रे पाण्याने भिजवून, न फोडता अखंड उतरवावेत. त्या वेळी मुले आणि वृद्ध मंडळी घरात नसलेली बरी. त्या पत्र्यांवर पाय देऊन कुणालाही उभे राहू देऊ नये. जुना पत्रा माणसाच्या वजनाने क्षणात तुटतो.

पागोळ्यांचे पाणी वाया घालवू नका

तमिळनाडूत २००३ पासून इमारतींना पर्जन्यजल साठवण सक्तीची आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरवणारे मोठे तलाव कोरडे पडले, तेव्हा या नियमाचे मोल घरोघरी कळले. उतरते छप्पर या कामाला फार सोयीचे. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे १००० लिटर पाणी मिळते. वळचणीला पन्हळ लावून ते गाळणीतून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडावे. पहिल्या सरींचे पाणी बाहेर जाऊ द्यावे. शिंगलवरून आलेले पाणी थेट पिण्यासाठी वापरू नये. बागेला, धुण्याभांड्याला आणि जमिनीत मुरवायला ते उत्तम. सुरुवातीला पन्हळीत थोडी खडी आढळली तर घाबरू नये. पण काही वर्षांनी ती मुठीमुठीने येऊ लागली तर छप्पर म्हातारे झाले असे समजावे.

काम संपल्यावर

काम पुरे झाले की सगळे पैसे लगेच चुकते करू नयेत. सुमारे १० टक्के रक्कम डिसेंबरचा पाऊस निघून जाईपर्यंत राखून ठेवायची, हे आधीच लिहून घ्यावे. चांगल्या कारागिराची त्याला हरकत नसते. नळीच्या पाण्याने चाचणी घेताना पाणी वळचणीपासून सुरू करून हळूहळू वर न्यावे, म्हणजे गळती नेमकी कुठे आहे ते कळते. खालून वर जोराची धार मात्र मारू नये.

त्यानंतर दरवर्षी सप्टेंबरात, गणपतीनंतर, एक दिवस छपरासाठी काढावा. पन्हळीतला पालापाचोळा काढावा, छपरावर झुकलेल्या फांद्या छाटाव्यात, नारळाच्या वाळलेल्या झावळ्या उतरवून घ्याव्यात आणि उचकटलेली शिंगल दिसली तर डांबराच्या चिकीने चिकटवून घ्यावी. उरलेल्या शिंगल्सचा एक गठ्ठा सावलीत, आडवा ठेवून जपावा, म्हणजे पुढे दुरुस्तीला त्याच रंगाचा माल हाताशी राहतो. आजी-आजोबांच्या खोलीवरचे छत मात्र पहिल्या मोठ्या सरीनंतर आवर्जून पाहावे. ओल आली तरी 'मुलांना कशाला त्रास' म्हणून ती मंडळी सहसा बोलत नाहीत.